गावात काय म्हणतात?

मी दवाखान्यांच्या एका जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करते. वाशीमात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारतंच, "मंग तुमी काय बनवता? ॲप?" मी म्हणते, नाही हो, बनवून झालेलं आहे, मी ते बंद पडू देत नाही. यावर बायका मान डोलावतात आणि तिळगुळाच्या डब्याकडे वळतात. माझा नवरा इथल्या कॉलेजात शिकवतो, त्याचं काम एका शब्दात संपतं. माझ्या कामाला लांबलचक वाक्य लागतं आणि एवढं करून ते कुणाला कळत नाही. याचा मला पूर्वी फार राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू.

सॉफ्टवेअर पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं आहे. लग्नाआधी मी तिथे ऑफिसात बसायचे, लग्नानंतर घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून लॅपटॉप घेऊन वाशीमला आले. लहान गावांतल्या दवाखान्यांत ते चालतं. पेशंट आला की काउंटरवरची ताई नाव टाकते, जुनी माहिती समोर येते, ती चिठ्ठी छापून हातात देते, संपलं. हे मी लिहिलेलं नाही. ज्यांनी लिहिलं ते माझ्या आधीच नोकरी सोडून गेले आणि आपल्या खोड्या तेवढ्या माझ्यासाठी ठेवून गेले.

त्या खोड्या काढत बसणं हे माझं काम. धनजकडच्या एका दवाखान्यात लाइट गेली की अर्धवट भरलेलं नाव पुसलं जायचं. तिथली ताई लाइट आल्यावर पुन्हा सगळं लिहायची आणि तोवर रांग दारापर्यंत जायची. त्या एका गोष्टीवर मी आठवडा घालवला. आता लाइट परत येते तेव्हा नाव जिथे होतं तिथेच असतं. ते नीट झालं हे मला कुणी कळवलं नाही. तक्रारीचा फोन यायचा बंद झाला, त्यावरून मी समजले. आई तुरीची डाळ निवडायची तेव्हा एकेक खडा काढून बाजूला ठेवायची; पण वरण खाताना कुणी म्हणत नाही की आज खडा लागला नाही. मला हे काम आवडतं. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की समोरचा दया आल्यासारखं बघतो.

आणि दया करणारे कमी नव्हते. कंपनीतली सगळी नवी मंडळी वेगळ्याच कामाला लागली होती. पेशंटची माहिती वाचून पुढे कोणता आजार होईल त्याचा अंदाज सांगणारं काहीतरी ते बनवत होते. मीटिंगमध्ये त्यांची स्क्रीन दाखवली जायची तेव्हा रंगीत आलेख उसळ्या मारायचे. माझी पाळी आली की सर म्हणायचे, "तुझ्याकडे सगळं ठीक ना?" मी म्हणायचे, ठीक. तेवढ्यात पुढच्याचं नाव घेतलेलं असायचं.

एके दिवशी सरांनी मला एकटीलाच फोन केला. एका मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना आमचं काम दाखवायचं होतं आणि त्याआधी माहिती स्वच्छ हवी होती. एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी झालेल्या असतात, त्या एकत्र करायच्या. नियम त्यांनी ठरवूनच ठेवला होता. नाव, मधलं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की तो एकच माणूस. दोन नोंदींत फरक असेल तर शेवटची नोंद खरी. "हे पटकन करून टाक," सर म्हणाले, "मग तुला नव्या टीममध्ये घेतो. किती दिवस तिथे झाडलोट करत बसणार?"

झाडलोट हा शब्द मला झोंबला, पण नव्या टीमचं नाव ऐकून मन हललं हेही खरं. मला हळदीकुंकवात एका वाक्यात सांगता येईल असं काम मिळणार होतं.

माझी एक सवय आहे, कुठलीही मोठी उलथापालथ मी आधी नकलेवर करून बघते. खऱ्या माहितीची एक नक्कल केली, तिच्यावर नियम चालवला आणि काय-काय एकत्र झालं ते चाळायला घेतलं. चाळता चाळता हात थांबला. एकत्र झालेल्यांत निम्म्याहून जास्त लोकांची जन्मतारीख एकच होती, एक जुलै.

पुण्यातल्या माणसाला यात काही वावगं दिसलं नसतं. मला मात्र आधी हसू आलं. आमच्या वऱ्हाडात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. आईबापांपैकी कुणाला पोराच्या जन्माची तारीख ठाऊक नसायची. पोळ्याच्या आसपास झाला, कापूस वेचायच्या वेळी झाली, एवढंच. मग मास्तर पोराकडे एकदा वरून खाली बघायचे आणि एक जुलै लिहून टाकायचे. माझे वडील एक जुलैचे. त्यांचे भाऊ एक जुलैचे. आमच्या गावात त्या दिवशी केक कापायचा म्हटलं तर बेकरी कमी पडेल.

मी नकलेत आमच्या गावाचं नाव टाकलं. गाव जऊळक्याच्या अलीकडे, रेल्वेरूळ ओलांडून. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते, आणि ती ज्या दवाखान्यात जाते तिथे हेच सॉफ्टवेअर आहे; मीच ते तिथल्या डॉक्टरांच्या गळ्यात मारलं होतं. आईचं नाव शोधलं. एकच नोंद आली. दोन यायला हव्या होत्या.

दुसरी माझ्या काकूची. सख्खी काकू नव्हे, भावकीतली. माझ्या वडिलांना आणि त्यांच्या चुलतभावाला, दोघांनाही पणजोबांचंच नाव ठेवलेलं. लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत, आणि नवं नाव नवऱ्याच्या नावाला शोभणारं असावं लागतं. दोन्ही नवऱ्यांचं नाव एक, म्हणून तांदळाच्या ताटात अंगठीनं दोन्ही सुनांचं नावही एकच लिहिलं गेलं. आडनाव एक, गाव एक. दोघी आपापल्या माहेरी चौथीपर्यंत शिकल्या आणि दोन वेगवेगळ्या मास्तरांनी दोघींना एकाच सालचा एक जुलै देऊन टाकला. माझ्या सॉफ्टवेअरच्या लेखी त्या एकच बाई होत्या.

मी ती नोंद उघडली. वजन काकूचं होतं, गोळ्या काकूच्या होत्या. आईच्या नोंदीत वरच एक लाल ओळ होती, ती गेली होती. काकू दवाखान्यात आईच्या नंतर गेली होती, तिच्या नोंदीत ती जागा रिकामी होती, आणि शेवटची नोंद खरी.

ती लाल ओळ काय होती ते सांगायला हवं. वडील होते तेव्हाची गोष्ट. आईला घशाचा त्रास झाला म्हणून एका डॉक्टरांनी तिला एक इंजेक्शन दिलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी सोबत होते. डॉक्टर धावत बाहेर आले, पुन्हा सुया दिल्या, तिला आत नेलं, आणि नंतर मला म्हणाले की हे औषध हिला परत कधीही द्यायचं नाही, दुसऱ्या वेळी एवढा वेळही मिळणार नाही. आईला त्या औषधाचं नाव कधीच लक्षात राहिलं नाही. ती म्हणते, "थे सुई." डॉक्टरला काय कळणार कोणती ते? म्हणून हे औषध देऊ नये अशी ती ओळ नोंदीत होती, लाल रंगात, मीच डॉक्टरांना सांगून टाकायला लावलेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "हा तुझ्या गावचा प्रकार असेल. असे अपवाद सगळीकडे असतात. अपवादांसाठी थांबलो तर काहीच पुढे जाणार नाही." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सर, तो अपवाद माझी आई आहे. मग ते थोडे वरमले. म्हणाले, तुझ्या आईची नोंद हातानं वेगळी ठेव, बाकीचं चालवून टाक.

मला तसं करता आलं असतं. त्या फोननंतर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली, घासलेलीच. माझ्या आईची मुलगी कंपनीत आहे म्हणून ती वाचणार, आणि धनजच्या, इंझोरीच्या, कुठल्या कुठल्या गावांतल्या एक जुलैवाल्या बायका एकमेकींत विरघळून जाणार. मी सरांना लिहून कळवलं की मी हे चालवणार नाही, मला वेळ द्या, मी वेगळं काहीतरी करते. उत्तर आलं, ठीक आहे, तुझ्या जबाबदारीवर. दाखवायचं काम जुन्याच माहितीवर उरकलं. नव्या टीमचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि मीटिंगमध्ये माझी पाळी यायचीही बंद झाली.

मग मी बसून विचार केला की आमच्या गावात या दोघींची गल्लत कुणी कधी केली आहे का. कधीच नाही. पोस्टमन नाही, गिरणीवाला नाही, आशाताई नाही. गावाकडे काहीतरी होतं जे माझ्या सॉफ्टवेअरकडे नव्हतं. गाव अशा वेळी विचारतं, कोणती? आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. म्हणून मी नोंदीत एक नवा रकाना वाढवला. नाव, गाव, तारीख सगळं जुळणारं दुसरं कुणी असेल तरच तो उघडायचा आणि काउंटरवरच्या ताईला विचारायचा: गावात काय म्हणतात? तो न भरता पुढे जाता यायचं नाही. एवढंसंच काम, पण जुन्या घराच्या भिंतीत नवी खिडकी पाडण्यासारखं, कुठे काय ढासळेल सांगता येत नव्हतं. ते नीट बसलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कुणाला दाखवावा असं कुणीच नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "छान." म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं.

रकाना आमच्या दवाखान्यात सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम आईला घेऊन गेले. तिचा बीपी दाखवायचाच होता. काउंटरवरच्या ताईनं नाव टाकलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "गावात काय म्हंतात तुमाले?"

मीच मध्ये बोलले, "टाकीजवळची लिहा." आमचं घर पाण्याच्या टाकीपाशी आहे, काकूचं शाळेपाशी. घरात आम्ही तसंच म्हणायचो.

"टाकीजोळची तं फकत आपुन म्हंतो वं," आई म्हणाली. "गावात कोनी म्हंत नाई." मग ती ताईकडे वळली आणि बीपीच्या गोळीचा रंग सांगावा तसं म्हणाली, "बिनपोराची लिहा."

मी तिची एकुलती एक मुलगी, तिच्या शेजारी तिची पिशवी धरून उभी होते.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "लिहू नका," मी म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"लिहा वं माय तुमी," आई ताईला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, आवाज उतरवून, "तिले पोरांची म्हंतात, मले बिनपोराची. ल्हान पोट्ट्यायलेबी ठाव हाय. उद्या मले सुद नसली अन् कोनी मले उचलून आनलं, तं तो हेच सांगन ना? टाकीजोळची म्हनलं तं कोनाले समजन?"

 मी जो रकाना केला होता तो याचसाठी तर केला होता. ताईनं लिहिलं. मशीननं चिठ्ठी बाहेर टाकली आणि त्यावर आईच्या नावाखाली ते छापून आलं होतं, कारण हाक मारायला सोपं जावं म्हणून मीच तशी सोय केली होती. मी ती चिठ्ठी घडी करून मुठीत धरली.

परत येताना ऑटोत मी विचारलं, "कवापासून म्हंतात तुले हे?"

"तू झाली, मंग दुसरं काई झालं नाई, तवापासून."

"अन् तू आयकून घेते?"

"नाव हाय थे," आई म्हणाली. "नावाचा काय राग?"

घरी पोचल्यावर आधी मी ते चिठ्ठीवर छापणं बंद केलं. त्यानंतर ते फक्त काउंटरवरच्या ताईला दिसायचं, तेही दोन नोंदी समोरासमोर आल्या तरच. पण माझं मन काही ताळ्यावर आलं नाही. दुसऱ्या गावांतूनही रकाने भरून यायला लागले होते. तपासणं माझं कामच होतं. हिरीवाली, मारोतीजवळची, मास्तरीण, विहारामागची, हे वाचताना बरं वाटायचं. मधेच यायचं लंगड्याची, मधेच यायचं टाकून देल्ली. गावाकडे जी खूण होती ती मी मागितली होती, आणि गावानं दिली होती. कधीकधी वाटायचं, सरांचा नियम निदान कुणाचा अपमान तरी करत नव्हता.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आईच्या डाव्या हाताला विळा लागला. तिनं हळद दाबून चिंधी बांधली आणि काम पुढे चालू ठेवलं. मला फोनवर सांगितलंही नाही. जखम चिघळली, हात कोपरापर्यंत लाल झाला, आणि काकू एके सकाळी काढणीला बोलवायला गेली तर आई तापात बरळत होती. काकूनं ऑटो बोलावला आणि तिला दवाखान्यात नेलं. मला कळवायला तिच्याकडे माझा नंबर नव्हता. दवाखान्यातल्या ताईनं फोन केला तेव्हा मी निघाले, आणि रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे त्या जुन्या पायऱ्या होत्या.

पोचले तेव्हा आईला सलाइन लागलेलं होतं आणि ती झोपली होती. काकू स्टुलावर पदरानं वारा घेत बसली होती.

"तुह्या मायची सुई बदलवली त्याईनं," ती म्हणाली. "डाक्टरनं एक सांगतली व्हती, सिस्टरनं भरून बी आनली. तेवढ्यात थे काउंटरवरली पोरगी पयत आली. काम्पुटरात लाल आलं म्हने."

"तुमी सांगतलं होतं का, तिले एक सुई चालत नाई म्हनून?"

"मले काय मालूम कोनती चालत नाई थे? म्या फकत कोनती बाई हाय थे सांगतलं. पोरीनं इचारलं, गावात काय म्हंतात? म्या म्हनलं, बिनपोराची." काकूला हे बोलताना काहीच वाटलं नाही. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती. मग तिनं आईच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. "लय तापली व्हती वं. म्या भेली."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले.  त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं काम दिसलं. एरवी ते दिसत नाही. आई मेली नव्हती, सुजली नव्हती, श्वासाची शिट्टी वाजली नव्हती. आत काकू कुणाला तरी ऑटोवाल्यानं किती खड्डे चुकवले ते सांगत होती. मला रडू आलं आणि बरंही वाटलं, आणि त्याच वेळी त्या एका शब्दाचा संतापही आला ज्याच्यामुळे ती वाचली होती. यातलं एकही दुसऱ्याला बाजूला सारत नव्हतं.

सरांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "ग्रेट! आपण यावर छोटासा व्हिडिओ करू या का? आई बोलतील?" मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. त्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनी आमची कंपनी विकत घेतली आणि सगळे दवाखाने त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरवर जाणार असं ठरलं. जुनं बंद होईपर्यंतच माझी नोकरी. माझा रकाना नव्यात येणार का, असं मी विचारलं. उत्तर आलं की ती स्थानिक गरज आहे, नोंद घेतली आहे. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नोंद घेतली गेली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक माणूस, एक नोंद. नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, तारीख.

मी भांडले. भांडून आईची आणि काकूची नोंद हातानं वेगळी करून घेतली, लाल ओळ जागेवर आहे हे डोळ्यांनी बघितलं. जे मी एकदा नाकारलं होतं तेच शेवटी माझ्या पदरात पडलं. तेव्हापासून मी रोज कामाच्या वेळात जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी-शेजारी उघडून, एक जुलैवाल्यांपासून सुरुवात करून, हरवलेल्या लाल ओळी शोधते आणि एकेक कळवते. मला हे कुणी सांगितलेलं नाही. काही दुरुस्त होतात, काहींची नोंद घेतली जाते. एखादी दुरुस्त झाली की त्या बाईला मी ओळखत नसले तरी माझा दिवस चांगला जातो. पण त्या किती आहेत आणि माझे दिवस किती उरलेत हे मला माहीत आहे, आणि दुपारी जेवतानाही स्क्रीन समोर असते ती त्यामुळेच.

आईला मी फोनवर सांगितलं होतं की दवाखान्यात नवीन काम्पुटर आला आहे.

"त्यात इचारतात का, गावात काय म्हंतात म्हनून?"

"नाई. पन तुही नोंद म्या येगळी करून घेतली. काई चिंता नको करू."

 मला फोनवर खोटं बोलता येत नाही हे तिला माझ्या शाळेपासून ठाऊक आहे. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पुढे ठेवलं. "थे सुईचं नाव लिहून दे मले. इंग्रजीत लिही, डाक्टरले वाचता आलं पायजे. मोठ्ठं लिही." मी लिहून दिलं, पुढे मराठीत 'चालत नाही'. वाटलं, पिशवीत ठेवेल.

पोळ्याला मी गावी गेले. आई चुलीपुढे पुरण घोटत होती, बाह्या वर सारलेल्या. तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला लग्नाच्या आधीचं गोंदण आहे, तुळस आणि पाच ठिपके, आता हिरवट पडलेलं. त्याच्या खाली काळंभोर, नवं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते औषधाचं नाव होतं, आणि पुढे मराठीत 'चालत नाही'. बाजारात बसणाऱ्या गोंदणाऱ्याला वाचता येत नसावं, किंवा त्यानं बदलायची हिंमत केली नसावी. कॅलेंडरच्या पानावरचं माझं अक्षर त्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं, उजवीकडे चढत जाणारं.

"हे काय करून ठेवलं वं तू?"

"काकू आली व्हती संगं. तिले म्हनलं तू बी काढ, तं म्हने मले तं साऱ्या सुया चालतात." ती हसली आणि घोटत राहिली. "दुखलं नाई. मशीन हाय आता त्याईजोळ."

"म्या करून राह्यली ना सगळं. तुही नोंद येगळी हाय, म्या पाह्यली."

"पाह्यली असन. पन मले सुद नसली तरी हात तं संगंच राहीन ना माह्या." तिनं पळी बाजूला ठेवली. ती गोंदणाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "अन् कोनती बाई हाय, असं कोनी इचारलं तं थे गावातलं नाव सांगा लागत नाई आता. ना मले, ना आननाऱ्याले."

ऑटोत मला 'नावाचा काय राग' म्हणालेली आई ती हीच. मी तिचा हात धरून तिथेच चुलीपुढे बसले, आणि पुरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा तीच उठली.